चौदा नंबरची घोटवेल

नारखेडे सरांची आणि माझी ओळख तीन पानांवरून झाली, आणि त्या पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मलकापूरचे आमचे कॉलेज तेव्हा एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात भरत असे. सरकीचा वास प्रयोगशाळेतल्या फॉर्मॅलिनलाही हटवता आला नव्हता. प्रा. सदाशिवराव नारखेडे वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. विभागात त्यांच्याखेरीज दुसरे कोणीच नसल्यामुळे त्या पदाबद्दल वाद नव्हता. डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेलो, तेव्हा सरांनी टेबलावर तीन पाने मांडली. एक तळहाताएवढे रुंद, एक पिंपळाच्या वळणाचे, एक चिंचोळे.

"किती जाती आहेत?" त्यांनी विचारले.

"तीन," मी म्हणालो. बी.एस्सी. होऊन महिनाही झाला नव्हता, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता.

"मला तीन पानं दिसतात," सर म्हणाले. "जातींचं काही दिसलं नाही अजून."

तिन्ही पाने त्यांनी त्याच सकाळी एकाच घोटवेलीची तोडून आणली होती. मी उठायला लागलो. सर म्हणाले, "बसा, चहा येतोय." चार दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. का आले, ते मी धीर करून वर्षभराने विचारले. सर म्हणाले, "बाकीच्या दोघांनी माझ्या तोंडाकडे पाहून उत्तर दिलं. तू पानाकडे पाहून चुकलास."

सरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे 'सरांचे संशोधन' हा विषय सोपवला आहे. सरांनी या जिल्ह्यातल्या गवतांवर, नाल्याकाठच्या झुडपांवर, ज्ञानगंगेच्या खोऱ्यातल्या कंदांवर जे काम केले, त्याविषयी माझ्याहून जाणती मंडळी या ग्रंथात लिहीतच आहेत. मी फक्त घोटवेलीबद्दल लिहिणार आहे. ते काम लहान आहे आणि अपुरे राहिले. ते का अपुरे राहिले, हे मला जितके ठाऊक आहे तितके दुसऱ्या कोणाला नाही.

घोटवेल आपल्या डोंगरांत नाल्याच्या घळींमधून, सावलीला झाडावर चढलेली सापडते. खोडाला काटे असतात. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन ताणे फुटतात आणि हाताला येईल त्याला घट्ट धरतात. परीक्षेत विद्यार्थ्यांची फजिती करण्यासाठीच ती जन्माला आली असावी, कारण ती एकदल असूनही तिच्या पानात शिरांचे जाळे असते. शास्त्रात तिला स्मायलॅक्स म्हणतात. आपल्याकडे तिच्या दोन जाती आहेत, झेलॅनिका आणि ओव्हॅलिफोलिया, असे सरांचे म्हणणे. गावकरी दोन्हींना घोटवेलच म्हणतात, आणि त्यात त्यांचे काही अडत नाही.

या दोन जाती वेगळ्या ओळखायच्या कशा, हा सरांचा प्रश्न. पानावर विसंबून चालत नाही, हे माझ्या मुलाखतीने सिद्धच केले होते. काट्यांवरही फार भरवसा ठेवता येत नाही. कोवळ्या खोडावर ते थोडे, जुन्यावर जास्त. खरी खूण फुलोऱ्यात. फुलांचे छत्रीसारखे झुबके येतात. एकीत एका दांड्यावर एक, दोन, फार तर तीन झुबके. दुसरीत त्याहून अधिक, एकामागे एक लावलेले. फळे धरली म्हणजे हीच मांडणी फळांत दिसली पाहिजे. आणि इथे खरी मेख आहे. घोटवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. नर वेलीला फुले येतात, झडतात, आणि संपते. फळ फक्त मादीला.

पुण्याचे एक मोठे अभ्यासक तेव्हा आपल्या भागातल्या वनस्पतींची यादी छापण्याच्या तयारीत होते. त्यांचे मत असे, की बुलढाणा जिल्ह्यात घोटवेल एकच. बाकीचे फरक ऊन-सावलीचे आणि वयाचे. सरांनी त्यांना लिहिले, की जाती दोन आहेत. उत्तर आले: फुले आणि फळे त्याच वेलींवरून घेतलेली असतील व तशी खात्री असेल, तर नमुने पाठवा, दोन जाती छापतो. मागणी वाजवी होती. सरांनाही ती वाजवीच वाटली.

सरांची कामाची रीत इथे सांगायला हवी. त्यांनी रोहिणखेडच्या वरच्या डोंगरात वीस वेली निवडल्या. डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून खिळ्याने त्यांवर नंबर ठोकले आणि एकेक पत्रा एकेका वेलीला तारेने बांधला. पावसाळ्यात स्वतः जाऊन फुले आणली आणि नोंद एका लांबोळ्या वहीत केली. ती वही त्यांनी मला दाखवली नाही. कंजूषपणा म्हणून नव्हे. वेलीकडे जाणाऱ्याला आधीची नोंद माहीत असली, की डोळा तीच नोंद पुन्हा पाहतो, असे ते म्हणत. दुसरी रीत शाईची. ज्याची खात्री आहे ते शाईने लिहायचे. ज्याची नाही ते पेन्सिलीने. सरांच्या नमुन्यांच्या कागदांवर पेन्सिलीच्या ओळी शाईच्या ओळींपेक्षा जास्त आहेत, हे त्यांच्या टीकाकारांनी त्यांच्या विरुद्ध वापरले. मला तो त्यांचा मोठा गुण वाटतो.

डोंगरात सर वर्गातली मराठी ठेवून येत. ते मोताळ्याकडच्या शेतकरी घरातले, आणि पायाखाली दगड आले की बोलीत येत. पहिल्या फेरीची एक गोष्ट सांगतो. आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो, आणि परगावात पाणी कुठे मागायचे, हा प्रश्न मी घरून निघतानाच बरोबर घेऊन निघत असे. सरांकडे पाण्याची एकच जाड कॅनव्हासची पिशवी होती. अर्ध्या चढावर ते थांबले, वर तोंड करून पाणी प्याले, पिशवी माझ्याकडे देत म्हणाले, "पे. पुरवून पे पण, मले उतरतानी लागते." मी प्यालो. परतताना ते प्याले. पुढची बारा वर्षे आम्ही असेच फिरलो आणि या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. मी त्यांना कितीदा तरी दुसऱ्या कामांसाठी धन्यवाद दिले असतील. यासाठी द्यायचे राहून गेले, ते इथे देतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. थंडीत फळे धरली, तेव्हा सरांना दम्याने गाठले होते. त्यांनी मला एकट्याला पाठवले. म्हणाले, "वीसही वेलींकडे जा. असेल ते आण. फळ नसेल तर 'फळ नाही' असं लिही. 'नाही' ही पण नोंदच आहे."

मी एस.टी.ने रोहिणखेडला उतरलो, मशिदीच्या मागून वर चढलो आणि दिवसभर इमानदारीने काम केले. एकोणीस वेली झाल्या. त्यांतल्या आठ ठिकाणी मला 'फळ नाही' असे लिहावे लागले. आठवा 'नाही' लिहिताना मला वाटले, की सर म्हणतील, हा झाडाखाली झोपून आला. चौदा नंबर राहिला होता. सरांनी सांगितलेल्या खुणेप्रमाणे तो पलीकडच्या घळीत, काटेरी जाळीच्या आत. शेवटची गाडी चुकली असती. मी पायवाटेवर उभा होतो आणि हाताशी एक घोटवेल टपोऱ्या लाल फळांनी लगडली होती. तिला पत्रा नव्हता, नंबर नव्हता. मी तिचा एक झुबका तोडला, पाकिटात घातला आणि पाकिटावर चौदा लिहिले. शाईने लिहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाकिटे एकेक करून उघडली. भिंगातून पाहिले. चौदा नंबरच्या पाकिटापाशी ते थोडे थांबले.

"चौदाकडे गेला होतास?"

"हो, सर."

त्यांनी लांबोळी वही उघडली, पाहिली, मिटली. मग माझ्या हातांकडे पाहिले. "काऊन रे वानखडे, हाताले एवढे काटे लागले? कपाटात आयोडीन आहे, लाव आधी." मी आयोडीन लावले. ते चुरचुरले, आणि मला वाटले, प्रकरण मिटले.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली ही, की सरांनी मला स्टेशनवरच्या टपालपेटीत टाकायला एक पोस्टकार्ड दिले. पोस्टकार्ड म्हटले की वाचले जाणारच. ते पुण्याला होते. त्यात लिहिले होते: 'सर्व फळे त्या त्या वेलींचीच आहेत, असे मी आज म्हणू शकत नाही. यादीत आमच्या जिल्ह्यापुरती एकच जात ठेवावी.' मी तसाच परत आलो आणि सरांशी वाद घातला. हो, वाद घातला. माणसाची जीभ कुठवर जाते पाहा. म्हणालो, "सर, तीन वर्षांचं काम आहे. नमुने समोर आहेत. यादी एकदा छापली की पुन्हा कोण छापणार?"

"खात्री नाही रे," सर म्हणाले. "जा, डाक निघून जाईन."

मी कार्ड टाकून आलो. सर अति काटेकोर आहेत, असे त्या संध्याकाळी मी दोघा-तिघांना सांगितलेही.

दुसरी गोष्ट मला कॉलेजच्या कारकुनाकडून कळली. मला कायम करायचे की नाही, याबद्दल प्राचार्यांनी सरांचा अभिप्राय मागवला होता. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारा मी पहिला. वडील चिखलीच्या बाजारात धान्याची पोती उचलत. नोकरी गेली असती तर मीही पोतीच उचलायला गेलो असतो, त्यात अपमान काही नाही, पण या ग्रंथात माझा लेख नसता. सरांनी अभिप्रायात लिहिले होते: 'काम शिकत आहेत. कायम करावे.' कारकून म्हणाला, "सायबाच्या हातची पेन्सिल सुटत नाही कधी, तुह्यासाठी दौत काढली बाप्पा."

पुण्याची यादी छापून आली. तिच्यात आपल्या जिल्ह्यात घोटवेल एक आहे. आजही एकच आहे.

पुढच्या वर्षी सरांनी सगळे काम पहिल्यापासून केले, या वेळी मला बरोबर घेऊन. पावसाळ्यात एक फेरी, थंडीत एक; पावसाळ्यात पलीकडच्या घळीत मात्र ते एकटेच उतरले, मला अलीकडच्या वेली दिल्या. थंडीतल्या फेरीला आम्ही पलीकडच्या घळीत उतरलो आणि मी चौदा नंबर पहिल्यांदा पाहिला. पत्रा गंजला होता, पण चौदा स्पष्ट वाचता येत होते. वेल चांगली जाडजूड, पंधरा-वीस हात वर चढलेली. फळ एक नाही.

जवळच रोहिणखेडच्या सुपडाबाई मोळी टेकवून बसल्या होत्या. डोंगरात त्यांची-आमची नेहमी गाठ पडे. सर त्यांना मावशी म्हणत. सरांनी वेलीकडे बोट केले आणि सहज विचारले, "मावशी, या येलाले फयं कधी धरतात?"

सुपडाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. "त्याले कायचे फयं, सायेब? तो नर हाय. पपईचा नर नाई का वांझ उभा राह्यते, तसा. म्या लगीन होऊन आली तवापासून पाहून राह्यली, त्याले एक फय नाई. तिकडं पायवाटीवर मादी हाय, तिले लदलद येतात."

सर "हाव" म्हणाले आणि वहीत लिहू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी पाहत होतो, म्हणून सांगतो. मान जराही वळली नाही. मग ते म्हणाले, "वानखडे, लिही. चौदा, फळ नाही."

मी लिहिले. मला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी सगळा हिशोब एकदम स्वच्छ दिसला. सरांच्या वहीत पहिल्या पावसाळ्यापासूनच 'चौदा, नर' असे असणार. म्हणजे माझे पाकीट उघडले त्याच क्षणी त्यांना कळले होते. बाकी अकरा वेलींची फळे मी खरीच आणली होती. पण ती खरी आहेत याला पुरावा माझा शब्द, आणि माझ्या शब्दाची किंमत चौदा नंबरच्या पाकिटाने ठरवून टाकली होती. एका पाकिटासाठी त्यांनी अकराही पाकिटे बाजूला ठेवली, यादीतली जागा सोडली, आणि माझे नाव कोणाला सांगितले नाही. मी त्या दिवशी खोटेच लिहायचे ठरवून 'फळ नाही' असे लिहिले असते, तर ते खरे निघाले असते. कोणालाही काही कळले नसते, आणि मी जन्मभर तसाच राहिलो असतो. या विचाराने मला अजूनही कधी कधी घाम फुटतो.

तेव्हाच सांगून टाकायला हवे होते. डोंगर उतरताना तीनदा तोंड उघडले. तिन्ही वेळा सरांनी काहीतरी दुसरेच विचारले. ते मुद्दाम होते की योगायोग, ते मला ठरवता आलेले नाही. मग वर्षे गेली. सरांनी नव्या नमुन्यांवरून दोन जातींचे टिपण लिहिले, ते एका लहान मासिकात आले, आणि फार कोणी वाचले नाही. मी व्याख्याता झालो, पुढे विभाग माझ्याकडे आला. विद्यार्थ्यांना मी 'नाही ही पण नोंदच आहे' हे वाक्य दरवर्षी ऐकवतो, आणि ते कोणाचे हे सांगतो. ते कसे शिकलो, हे सांगत नसे.

गेल्या महिन्यात या समारंभाच्या प्रदर्शनासाठी मी संग्रहाचे जुने कपाट उघडले. डांबरगोळ्यांचा वास अजून शाबूत आहे. घोटवेलीच्या गठ्ठ्यात चौदा नंबरचा कागद निघाला. मला वाटले होते, सरांनी तो केव्हाच फाडून टाकला असेल. कागदावर डावीकडे नर फुलांचा झुबका, नीट शिवलेला. उजवीकडे माझे पाकीट, माझ्या शाईतल्या चौदासकट, चिकटवलेले. त्याखाली सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने तीन ओळी:

'फळे या वेलीची नाहीत. कोठली, ते आणणाऱ्यास ठाऊक आहे. विचारू नये, तो सांगेल.'

मी कपाटापाशीच खाली बसलो. शिपाई विचारत आला, साहेब बरे आहेत ना. मला रडू आले होते. त्याला डांबरगोळ्यांचे निमित्त सांगितले. म्हणजे लिहिताना मी खोटे बोलणे थांबवले असेल, बोलताना अजून पूर्ण थांबवलेले नाही. एका माणसाने बारा वर्षे माझ्यावर रागवायचे सोडून माझी वाट पाहिली होती, आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतो.

सर, सांगतो. ती फळे रोहिणखेडच्या डोंगरात, मशिदीमागून वर जाणाऱ्या पायवाटेला डाव्या हाताला धावड्याच्या झाडावर चढलेल्या वेलीची आहेत. मादी. एका दांड्यावर दोन झुबके होते, त्यांतला मी एक तोडला. वेलीला पत्रा नव्हता. चौदाकडे मी त्या दिवशी गेलो नव्हतो.

या ग्रंथासाठी लिहिणारे सगळे सरांना शतायुषी होण्याच्या शुभेच्छा देतील, आणि त्यांत माझी भर आहेच; दम्याने त्यांना आता सोडावे, आणि डोंगर चढायला त्यांचे पाय पुष्कळ वर्षे तयार राहावेत. पण माझी मागणी त्याहून लहान आहे. प्रदर्शनात तो कागद मी मधल्या टेबलावर ठेवणार आहे, शेजारी दौत ठेवणार आहे. माझे सांगणे खरे वाटले, तर सरांनी त्या ओळी शाईने लिहाव्यात. खात्री वाटली नाही, तर पेन्सिलीतच राहू द्याव्यात. येत्या थंडीत पाण्याची पिशवी घेऊन आपण दोघे वर जाऊ, आणि ती वेल मी दाखवीन.